बांधीतलं धान, धुऱ्यावरची तूर आणि विषाणू

सप्टेंबर 2020. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली आणि आम्हा जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षकांनाही घरोघर पाठवलं गेलं. माझ्या जोडीला गावच्या आशाताई होत्या. त्यांच्या पिशवीत ताप बघायची बंदूक आणि बोटाला लावायचं ऑक्सिमीटर. आमचा भंडाऱ्याकडचा धानाचा पट्टा. धान निसवायला लागलं होतं, दिवसा घरात कोणी सापडायचं नाही, म्हणून आम्ही संध्याकाळी निघायचो.

एका अंगणात निंदण करून नुकत्याच आलेल्या काकूंच्या बोटाला आशाताईंनी ऑक्सिमीटर लावलं. आकडा आला 86. सगळं घर गप्प झालं. काकूंचं बोट मात्र दिवसभर बांधीच्या पाण्यात राहून पांढरंफटक, सुरकुतलेलं, गार पडलेलं होतं. आशाताईंनी कोमट पाण्याने हात धुवायला लावले, कोरडे केले, स्वतःच्या तळव्यांत धरून चोळले आणि पाच मिनिटं थांबल्या. पुन्हा लावलं. 97.

खाटेवरून हे सगळं बघणारे आबाजी म्हणाले, "गुरुजी, हे यंत्र ऑक्सिजनच मोजते ना जी? मंग जास्त ऑक्सिजन घेतला तं इषाणू मरते का?"

"नाही मरत, आबाजी," एवढंच बोलून मी पुढच्या घरी गेलो. उत्तर बरोबर होतं, पण अपुरं होतं. पुढच्या एप्रिलमध्ये नागपूरला रेल्वेने ऑक्सिजनचे टँकर आले, टीव्हीवर दिवसरात्र तेच चाललं होतं, आणि गावातल्या दोन-तीन खाटा पिंपळाखाली गेल्या. कोणी कापूर आणि ओव्याची पुरचुंडी हुंगत होतं. तेव्हा मला वाटलं, आबाजींना नीट सांगायला हवं होतं. तेच आज सांगतो. ऑक्सिजन आणि विषाणू यांचं नातं आहेच, आणि ते आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त गुंतागुंतीचं आहे.

आधी त्या आकड्याचं बघू. 97 म्हणजे काय? रक्तातल्या तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन असतं. ऑक्सिजन वाहून नेणारी ती बंडी, म्हणजे बैलगाडी समजा. ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि अवरक्त असा दोन प्रकारचा प्रकाश सोडतं आणि त्यातला किती शोषला गेला यावरून सांगतं, की शंभर जागांपैकी 97 जागा भरलेल्या आहेत. जपानचे ताकुओ आओयागी यांनी 1970 च्या दशकात ही युक्ती शोधली. बोट गार असेल, नखाला पॉलिश किंवा गडद मेंदी असेल, तर प्रकाश नीट पोचत नाही आणि आकडा चुकतो. विडीचा धूर आणखी फसवतो. त्यातला कार्बन मोनॉक्साईड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून घट्ट चिकटतो आणि यंत्राला त्या जागाही ऑक्सिजननेच भरल्यासारख्या दिसतात.

निरोगी माणसाच्या बंड्या उघड्या हवेत बसूनच जवळजवळ पूर्ण भरतात. भरलेल्या बंडीत आणखी काय भरणार? पिंपळाखाली असो वा ओट्यावर, मोकळ्या हवेत ऑक्सिजन 21 टक्केच असतो. सिलिंडरचा ऑक्सिजन लागतो तो ज्याच्या फुफ्फुसात बंड्या भरण्याचं कामच अडलं आहे त्याला. तिथे तो जीव वाचवतो, पण विषाणूला मारत नाही. अवयव जगवून शरीराला लढायला वेळ मिळवून देतो.

आता मुख्य गोष्ट. हवेत 21 टक्के असलेला ऑक्सिजन शरीरात सगळीकडे तेवढा पोचत नाही. पाटाच्या पाण्यासारखंच आहे हे. तलावाजवळच्या शेतकऱ्याला भरपूर, शेवटच्या टोकाला जेमतेम. नाकाच्या आतल्या पेशींना जवळजवळ पूर्ण 21 टक्के मिळतो. फुफ्फुसाच्या बारीक फुग्यांत तो 13 ते 14 टक्क्यांवर येतो. रक्तातून अवयवांपर्यंत जाईस्तोवर बहुतेक ठिकाणी 3 ते 6 टक्के उरतो. हाडांमधल्या मगजात, जिथे नवं रक्त तयार होतं, तिथे 1 ते 4 टक्के. मोठ्या आतड्याच्या पोकळीत जवळजवळ शून्य. हा काही आजार नाही, रोजचा संसार आहे. त्या त्या पेशी तेवढ्यातच भागवायला शिकलेल्या आहेत.

एकाच अवयवातही हा फरक असतो. यकृत घ्या. रक्त ज्या कडेने आत शिरतं तिथल्या पेशींना जास्त ऑक्सिजन मिळतो. बाहेर पडायच्या शिरेजवळच्या पेशींना त्याच्या निम्म्यासारखा.

ऑक्सिजन कमी झालाय हे पेशीला कळतं कसं? याचं उत्तर शोधल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेंझा यांना 2019 चं नोबेल मिळालं. पेशीत 'हिफ' नावाचं प्रथिन सारखं तयार होत असतं. त्याला दवंडी देणारा कोतवाल समजा. पुरेसा ऑक्सिजन असला, की पेशीतली काही विकरं ऑक्सिजनच वापरून त्याच्यावर खूण करतात आणि खूण झालेला कोतवाल काही मिनिटांत मोडीत काढला जातो. तो चावडीपर्यंत पोचतच नाही. ऑक्सिजन घटला की खूण करायला सामानच उरत नाही. मग कोतवाल सुटतो, पेशीच्या केंद्रकात शिरतो आणि दवंडी पिटतो. शेकडो जनुकं ऐकतात. साखर जाळायची रीत बदलते, नव्या रक्तवाहिन्या काढायचा निरोप जातो, तांबड्या पेशी वाढवायचा हुकूम निघतो. पेशीचा सगळा बेतच पालटतो.

आणि विषाणू हा तर पेशीच्याच घरात, पेशीच्याच चुलीवर रांधणारा. त्याचं स्वतःचं काही नसतं. घरमालकाचा बेत बदलला की पाहुण्याचंही सगळं बदलतं.

इथे मला शाळेत मुलांना सांगताना आमचं शेतच आठवतं. बांधीत पाणी साचलं की चिखलातला ऑक्सिजन संपतो. तूर त्यात आठवडाभरात पिवळी पडते, तिची मुळं सडतात. म्हणून आपण तूर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर लावतो. धान मात्र त्याच चिखलात फोफावतं, कारण त्याच्या खोडात हवेच्या नळ्या असतात आणि ते वरची हवा मुळांपर्यंत खाली नेतं. पाणी एकच, जमीन एकच. एकाला मरण, दुसऱ्याला बरकत. विषाणूंचं अगदी असंच आहे. काही धानाच्या जातीचे, काही तुरीच्या.

करोनाचा विषाणू या बाबतीत तुरीसारखा निघाला. 2021 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी फुफ्फुसाच्या पेशी कमी ऑक्सिजनमध्ये ठेवून बघितल्या. पेशीच्या पृष्ठभागावरचं एस-टू, म्हणजे ज्याला धरून हा विषाणू आत शिरतो तो कडी-कोयंडा, कमी झालं. विषाणूचा शिरकाव आणि वाढ दोन्ही मंदावली. मूत्रपिंडाच्या रुग्णांना रक्त वाढवण्यासाठी देतात ते रोक्साडुस्टॅट नावाचं औषध हिफला मोडू देत नाही. ते दिलं तरी तसाच परिणाम दिसला. एचआयव्हीही कमी ऑक्सिजनमध्ये गप्प होतो असं पेशींवरच्या प्रयोगांत दिसलं. पण हा गप्पपणा चांगला नाही. गप्प बसलेला एचआयव्ही औषधांच्या तावडीतून सुटून वर्षानुवर्षं दडून राहतो.

हिपॅटायटिस बी धानाच्या जातीचा. यकृताच्या पेशींत ऑक्सिजन घटला, हिफ जागा झाला, की याचं काम वाढतं. भर म्हणजे त्याचं स्वतःचं एक प्रथिन हिफला मोडण्यापासून वाचवतं, जणू स्वतःच बांधीला पाणी धरून ठेवतं. डेंग्यूही प्रयोगशाळेत कमी ऑक्सिजनच्या पेशींत जास्त वाढलेला आढळला. पावसाळा संपताना कूलरच्या टाक्या आणि ड्रम रिकामे करा म्हणून आम्ही ओरडतो तोच हा डेंग्यू. त्यातला खरा धोका मात्र रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्तदाब कोसळण्याचा असतो. बोटावरचा आकडा चांगला दिसला म्हणून डेंग्यूच्या रुग्णाला घरी ठेवू नका. पोटदुखी, सारख्या उलट्या, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं ही त्याची लक्षणं.

"मग करोनात ऑक्सिजन कमी झाला तर बरंच ना?" असं एका हुशार पोराने मला विचारलं होतं. प्रश्न चांगला, पण प्रयोगशाळेच्या थाळीतल्या पेशी आणि पूर्ण माणूस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. थाळीतल्या पेशीला मेंदू नाही, हृदय नाही, मूत्रपिंड नाही. माणसाचा ऑक्सिजन घटला की विषाणूच्या आधी हेच अवयव बसतात. शिवाय आकडा खाली येईपर्यंत करोनाने नाकात आणि घशात आपलं काम बरंचसं उरकलेलं असतं.

यावरून एक जुनी गोष्ट कळते. कित्येक दशकं प्रयोगशाळांमध्ये पेशी साध्या हवेच्या ऑक्सिजनमध्येच वाढवल्या गेल्या. म्हणजे हाडाच्या मगजातली पेशी 2 टक्क्यांतून उचलून थेट 20 टक्क्यांत ठेवायची आणि तिथे विषाणू कसा वागतो ते बघायचं. धुऱ्यावर धान लावून धानाचा स्वभाव ओळखण्यासारखं झालं हे. आता बऱ्याच ठिकाणी ऑक्सिजन कमी करून प्रयोग होतात आणि जुने निकाल पुन्हा तपासले जातात.

दुसऱ्या लाटेत एक गोष्ट सगळ्यांना चकवून गेली. आकडा 80 वर आणि माणूस बसून चहा पितोय, फोनवर बोलतोय. असं कसं? श्वास घ्यायची तगमग आपल्याला मुख्यतः कार्बन डायऑक्साईड साठल्यामुळे होते. हा वायू फुफ्फुसाच्या पडद्यातून ऑक्सिजनपेक्षा सुमारे वीसपट सहज बाहेर पडतो. फुग्यांमध्ये पाणी झिरपायला लागलं, की ऑक्सिजनची वाट आधी बंद होते, कार्बन डायऑक्साईड मात्र निघून जात राहतो. शरीराला धोक्याची घंटा ऐकूच येत नाही. म्हणून सहा मिनिटं चालून पुन्हा बोट लावायला सांगत. बसून 96 आणि चालून 91 आला, तर फुफ्फुसाला काम झेपत नाही हे उघड व्हायचं. आकडा 94 च्या खाली राहिला की डॉक्टर गाठायचा, 90 च्या खाली गेला की एक क्षणही घरी थांबायचं नाही.

90 चीच भीती का? रक्ताची रीत सरळ नाही, उतारासारखी आहे. 100 पासून 90 पर्यंत वाट जवळजवळ सपाट. फुफ्फुस बरंच बिघडलं तरी आकडा थोडाच खाली येतो. 90 नंतर मात्र कडा लागतो. तिथून पुढे फुफ्फुस जरासं बिघडलं तरी आकडा भराभर घसरतो.

याच आकड्याने औषधाचीही वेळ ठरवली. 2020 च्या जूनमध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' अभ्यासात डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉईडचे निष्कर्ष आले. श्वासयंत्रावरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, ऑक्सिजनवर असलेल्यांचे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना काहीही फायदा दिसला नाही. अर्थ असा, की आजाराचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात विषाणू वाढतो, तेव्हा शरीराच्या फौजेला दाबणारं औषध देणं म्हणजे राखणदाराला झोपेची गोळी देणं. दुसऱ्या टप्प्यात फौजच घर पेटवायला लागते, तेव्हा तिला आवरावं लागतं. आपल्याकडे कितीतरी जणांनी ताप आल्याच्या पहिल्याच दिवशी ही गोळी मागून घेतली. माणसं घाबरलेली होती, मी त्यांना दोष देत नाही. पण 97 आकड्यावर ती गोळी घेण्यात फायदा नव्हता, नुकसान होऊ शकत होतं.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो तिच्याकडे येतो. विदर्भात ऑक्सिजन आणि विषाणू यांची सगळ्यात जवळची गाठ करोनात नाही, सिकलसेल या रक्ताच्या आजारात आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, तिकडे मेळघाट. आमच्या प्रत्येक शाळेत एक-दोन लेकरं असतातच. अधूनमधून अंगदुखीने रडणारी, डोळे पिवळसर, मैदानावर लवकर दमणारी.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनची घडण थोडी वेगळी असते. ऑक्सिजन भरलेला असताना ते नीट वागतं. ऑक्सिजन सोडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या होतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, त्यातून ती जीवघेणी दुखणी उठतात. छातीत विषाणूचा संसर्ग झाला, की फुफ्फुसात ऑक्सिजन कमी भरतो, त्यामुळे आणखी पेशी वाकतात, त्या फुफ्फुसातच अडकतात आणि ऑक्सिजन अजून घटतो. म्हणून अशा लेकराचा साधा खोकला-तापही साधा समजायचा नाही. छातीत दुखतंय किंवा धाप लागतेय म्हटलं की दवाखाना.

आता एक वेगळा विषाणू. नाव पार्व्होव्हायरस बी-19. 1975 मध्ये लंडनमध्ये यव्हॉन कोसार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हिपॅटायटिसची तपासणी करताना तो रक्ताच्या नमुन्यांत सापडला. बी गटातला एकोणिसावा नमुना, म्हणून बी-19. निरोगी मुलात तो किरकोळ ताप आणतो आणि कोणी थोबाडीत मारल्यासारखे लाल गाल करतो. सावळ्या गालांवर ते दिसतही नाहीत. आठवड्यात पोर खेळायला लागतं. बहुतेकांना लहानपणीच तो होऊन जातो आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

पण हा विषाणू जातो कुठे? हाडाच्या मगजात, नवं रक्त घडवणाऱ्या कोवळ्या पेशींत. अगदी कमी ऑक्सिजनच्या जागेत. आणि तो पक्का धानाच्या जातीचा आहे. प्रयोगशाळेच्या साध्या हवेत तो नीट वाढत नसे. ऑक्सिजन 1 टक्क्यावर आणला तेव्हा त्याच पेशींत तो जोमाने वाढला. गंमत म्हणजे यासाठी त्याला हिफ कोतवाल लागतच नाही. कमी ऑक्सिजनमध्ये पेशीतले दुसरेच निरोप चालू होतात आणि तो त्यांच्यावर स्वार होतो. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की शरीरातला जागोजागचा ऑक्सिजन हा विषाणूचा पत्ता ठरवू शकतो.

या कोवळ्या पेशी मेल्या, की आठवडा-दहा दिवस नवं रक्त बनणं थांबतं. निरोगी मुलाला ते जाणवत नाही, कारण तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, दहा दिवसांचा खंड सहज पचतो. सिकलसेलच्या लेकराची पेशी मात्र 10 ते 20 दिवसच जगते. त्याचा मगज रोज कित्येक पट राबून कसंबसं भागवत असतो. तिथे दहा दिवस कारखाना बंद म्हणजे कोठार रिकामं. आधीच 7-8 असलेलं हिमोग्लोबिन काही दिवसांत 3-4 वर येऊ शकतं. सिकलसेलच्या मुलांमधल्या या अचानक रक्तघसरणीमागे हाच विषाणू आहे, हे 1981 मध्ये उघड झालं.

आणि इथे ऑक्सिमीटर पूर्ण फसवू शकतं. ते बंड्या किती भरल्या ते सांगतं, बंड्या किती आहेत ते नाही. शंभरापैकी तीसच बंड्या उरल्या आणि त्या सगळ्या भरलेल्या असल्या, तर आकडा चांगलाच दिसेल आणि लेकरू ऑक्सिजनवाचून मरणाच्या दारात असेल. म्हणून आकडा बघू नका, लेकराकडे बघा. डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघा, ओठ बघा, तळवे बघा. कालपर्यंत चालत शाळेत आलेलं पोर आज उठून बसत नाही, छाती धडधडतेय, रंग कागदासारखा पडलाय, तर त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात न्या. 'याला सिकलसेल आहे' हे पहिल्या वाक्यात सांगा, कार्ड सोबत ठेवा. हिमोग्लोबिनबरोबर रेटिक्युलोसाईट, म्हणजे नव्या कोवळ्या तांबड्या पेशींची मोजणी करा म्हणा. ती जवळजवळ शून्य आली की डॉक्टरांना निदान कळतं. उपाय एकच आणि हमखास आहे, वेळेवर रक्त चढवणं. आठवडा-दहा दिवसांत शरीर विषाणूवर मात करतं, मगज पुन्हा चालू होतो आणि हा झटका सहसा आयुष्यात पुन्हा येत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेतल्या एका मुलीचं असंच झालं. तिसरी-चौथीतली. तिच्या मायला वाटलं उन्हाचा त्रास आहे, पोरीला शरबत पाजत होती. आशाताई दुसऱ्याच कामाने त्या घरी गेल्या होत्या. त्यांनी पोरीची पापणी खाली ओढली आणि काही न बोलता 108 ला फोन लावला. रात्री रक्त चढलं. तिसऱ्या दिवशी पोरगी घरी भांडत होती.

तिचा लहान भाऊही सिकलसेलचा. आशाताईंनी दवाखान्यातूनच मला फोन केला, "गुरुजी, पोट्ट्याले उद्या शाळेत बसवू नका. त्याचंही रक्त तपासून घेऊ." हा विषाणू खोकल्या-शिंकण्यातून पसरतो, म्हणून एकाच घरातली सिकलसेलची दोन भावंडं एकाच पंधरवड्यात पडू शकतात. वर्गातल्या गरोदर बाईंनाही आम्ही त्या दिवशी दूर राहायला सांगितलं, कारण हाच विषाणू पोटातल्या बाळाचंही रक्त आटवू शकतो. भावाचं हिमोग्लोबिन त्या दिवशी ठीक होतं. पाचव्या दिवशी ते निम्म्यावर आलं, पण तोवर त्याच्या गटाची पिशवी तालुक्याला येऊन पडलेली होती.